बार परीक्षेचे शेवटचे तीन आठवडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआयबीई, म्हणजे नव्या वकिलांना द्यावी लागणारी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, हिच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत संध्याकाळी सातनंतर ज्युनियर मंडळींचे मेसेज सुरू होतात. दिवसभर कोर्ट करून घरी आलेली, गाऊन खुंटीला लावून पुस्तक उघडलेली आणि कुठून वाचावं हे न कळून अडलेली मुलंमुली. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून ते एका जागी उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सनद मिळाली, सिनियरबरोबर कोर्टात जायलाही लागलो. मग ही परीक्षा आणखी कशासाठी?

राज्य बार कौन्सिलकडून, म्हणजे आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून, मिळालेली सनद, म्हणजे वकील म्हणून नोंदणी, सुरुवातीला तात्पुरती असते. सनदेच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास झालात की बार कौन्सिल ऑफ इंडिया तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस देते. सगळे त्याला सीओपी म्हणतात. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे कायद्याची पदवी घेतलेल्या सर्वांना ही अट आहे. पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली.

अशी परीक्षा घ्यायचा बार कौन्सिलला अधिकारच आहे का, हा वाद बरीच वर्षं चालला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘आहे’ असा निकाल दिला आणि १९९९ चा व्ही. सुदीर प्रकरणातला निकाल बाजूला ठेवला. बॉनी फोई लॉ कॉलेज या नावाने हा निकाल ओळखला जातो. लक्षात ठेवा, एथिक्सच्या, म्हणजे वकिली आचारनीतीच्या, प्रश्नात तो येऊ शकतो.

२. पेपरचं स्वरूप थोडक्यात सांगाल का?

१०० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, साडेतीन तास, ओएमआर शीट (गोल काळे करून भरायची उत्तरपत्रिका). चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला खुल्या आणि इतर मागास प्रवर्गासाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ४० टक्के. अठराव्या परीक्षेपासून ही रेघ पाच टक्क्यांनी वर गेली, त्यामुळे ‘चाळीस आले की झालं’ असं सांगणारे सिनियर आपल्या वेळचं सांगत असतात. पेपर मराठीतूनही देता येतो (प्रश्न ९ पाहा).

३. तीन आठवडे राहिलेत आणि खरं सांगायचं तर काहीच झालेलं नाही. कुठून सुरू करू?

गुणांच्या वाटणीपासून. अभ्यासक्रमात १९ विषय आहेत, आणि एकोणीस हा आकडा बघूनच माणूस गळाठतो. पण बेरीज करून पाहा. राज्यघटना १०, नागरिक सुरक्षा संहिता (जुनी सीआरपीसी) १०, दिवाणी प्रक्रिया संहिता (सीपीसी) १०, न्याय संहिता (जुनी आयपीसी) ८, साक्ष्य अधिनियम (जुना पुरावा कायदा) ८. पाच पुस्तकांत ४६ गुण झाले. त्यात कौटुंबिक कायदे ८ आणि करार, विशिष्ट अनुतोष, मालमत्ता हस्तांतरण, परक्राम्य लेख हे सगळं मिळून ८ घाला, म्हणजे ६२. अपकृत्य, मोटार वाहन आणि ग्राहक संरक्षण यांचे ५ धरले की ६७. उरलेल्या अकरा विषयांत मिळून ३३ गुण आहेत.

म्हणून पहिले दहा-अकरा दिवस त्या पाच पुस्तकांना द्या, दुसरं काही उघडू नका. पुढचे चार-पाच दिवस कौटुंबिक, करार आणि अपकृत्य. मग अकरा छोट्या विषयांना तीन दिवस, त्यातही एथिक्स, जनहित याचिका आणि लवाद आधी, कारण तिथे प्रत्येकी ४ गुण आहेत आणि वाचायचं कमी आहे. शेवटचे तीन-चार दिवस फक्त जुने पेपर, घड्याळ लावून.

आणि वाचायचं म्हणजे बेअर अ‍ॅक्ट वाचायचं. म्हणजे टीका-भाष्य नसलेलं, नुसत्या कलमांचं पुस्तक. ते परीक्षेत आत नेता येतं, म्हणून ज्या प्रती तुम्ही आत नेणार आहात त्याच वाचा. गाईड, नोट्स, कोणीतरी पाठवलेली दोनशे पानांची पीडीएफ, हे सगळं आता बाजूला ठेवा. गाईडमधलं पान परीक्षेत समोर नसणार, कायद्याचं असणार. हात त्या पानांना सरावला पाहिजे.

४. बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतं, तर आधी वाचायचं कशाला?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि यावर विसंबून नापास झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर सहा सेकंद. त्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, गोल काळा करायचा. पुस्तकात शोधायला हातात एक मिनिट उरतं. आता समजा प्रश्न आला, ‘झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण कोणत्या कलमाखाली बंधनकारक आहे?’ नागरिक सुरक्षा संहितेत ५३१ कलमं आहेत. झडती हा विषय समन्स-वॉरंटनंतर, तपासाच्या बराच आधी येतो, हे ज्याला ठाऊक आहे तो अनुक्रमणिकेत थेट शंभरीच्या आसपास बोट ठेवतो आणि कलम १०५ त्याच्या समोर येतं. ज्याने पुस्तक उघडलेलंच नाही तो तपासाच्या प्रकरणात १७३ पासून पुढे चाळत बसतो, तिथे ते सापडत नाही, आणि चार मिनिटं जातात. असे पंधरा प्रश्न झाले की एक तास गेला.

आमच्याकडे एक सराव करतात. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने विषय सांगायचा (‘मृत्युपूर्व जबाब’, ‘कॅव्हेट’, ‘गहाण’), दुसऱ्याने पान काढून कलम वाचून दाखवायचं, घड्याळ चालू ठेवून. सुरुवातीला दीड-दोन मिनिटं लागतात. रोज अर्धा तास केलंत तर आठवड्याभरात तीस-चाळीस सेकंदांवर येतं. एकटे असाल तर चिठ्ठ्या करून डब्यात टाका आणि एकेक उचला.

५. नेमकी कोणती पुस्तकं न्यायची? सगळीच नेऊ का?

सगळी नेऊ नका. बाक लहान असतो, आणि वीस पुस्तकांच्या ढिगातून एक काढायलाच वेळ जातो. वर सांगितलेली पाच, ॲडव्होकेट्स ॲक्ट (बार कौन्सिलच्या नियमांसह असलेली आवृत्ती घ्या), करार, मालमत्ता हस्तांतरण, हिंदू विवाह आणि वारसा एकत्र असलेलं पुस्तक, लवाद, ग्राहक संरक्षण. इथपर्यंत पुरे. परक्राम्य लेख अधिनियमातून बहुतेक वेळा कलम १३८ च्याच भोवती प्रश्न येतो: चेक न वटल्याची माहिती बँकेकडून आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एक महिन्यात तक्रार. एवढ्यासाठी वेगळं पुस्तक वाहून नेऊ नका, पाठ करा.

आवृत्ती ताजी घ्या. काकांच्या कपाटातली जुनी दंड संहिता आता फक्त तुलनेला उपयोगी आहे.

६. बेअर अ‍ॅक्टमध्ये अधोरेखित केलेलं चालतं का? फ्लॅग लावलेले?

नियम ‘टीपांशिवाय बेअर अ‍ॅक्ट’ असा आहे. छापील टीका-भाष्य असलेली आवृत्ती चालत नाही आणि समासात हाताने लिहिलेलं तर नाहीच. रेघा आणि चिकटपट्ट्या यांबाबत दारावरचा पर्यवेक्षक काय म्हणेल याची खात्री देता येत नाही. माझा सल्ला सरळ आहे: अभ्यासाची प्रत हवी तशी रंगवा, आत नेण्यासाठी त्याच आवृत्तीची कोरी प्रत ठेवा. त्याच आवृत्तीची अशासाठी, की पानाची जागा डोळ्यांत बसलेली असते. निदान त्या पाच पुस्तकांसाठी हा खर्च करा. परवडत नसेल तर अभ्यास झालेला एखादा मित्र प्रत देतो, बार रूममध्ये विचारा. मोबाइल आणि टॅबमधली कायद्याची ॲप आत काही उपयोगाची नाहीत.

७. आयपीसीचे नंबर तोंडपाठ आहेत, बीएनएसचे डोक्यात शिरत नाहीत. काय करू?

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस), फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. नवी कलमं अनुक्रमे ३५८, ५३१ आणि १७०. जुनी ५११, ४८४ आणि १६७.

अडचण नवे नंबर पाठ होण्याची नाही. जुने नंबर विसरत नाहीत, ही खरी अडचण आहे, आणि पेपर काढणाऱ्यालाही ती ठाऊक असते. काही आकडे दोन्हीकडे आहेत आणि अर्थ पूर्ण वेगळा आहे. ते आधी लिहून भिंतीवर लावा.

१४४ म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवते, इतकी वर्षं वर्तमानपत्रात तेच वाचलं. नागरिक सुरक्षा संहितेत १४४ म्हणजे पोटगी, म्हणजे जुनं १२५. जमावबंदीचा आदेश आता १६३ खाली निघतो. ४८२ हे जुन्या संहितेत उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते. नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुनं ४३८. अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले. १७३ म्हणजे पूर्वी दोषारोपपत्र. आता १७३ म्हणजे एफआयआर, आणि दोषारोपपत्र १९३ मध्ये. आणि ३०२. न्याय संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं. खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे.

पेपरात हे कसं दिसतं बघा. ‘नागरिक सुरक्षा संहितेनुसार पत्नीच्या पोटगीचा अर्ज कोणत्या कलमाखाली होतो?’ पर्याय: १२५, १४४, १६३, ४८२. चारही आकडे ओळखीचे. घाईत हात १२५ वर जातो. म्हणून प्रश्नात कायद्याचं नाव आलं की त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मगच पर्याय बघा.

बाकीचे नंबर सुटे पाठ करू नका, गटांत करा. न्याय संहितेत १४ ते ४४ अपवाद, ६३ ते ९९ स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे, १०० ते १४६ शरीराविरुद्धचे, ३०३ पासून ३३४ पर्यंत मालमत्तेविरुद्धचे. गट बसला की आतलं कलम पुस्तकात लगेच सापडतं. एवढे मात्र तोंडावर हवेत: सामाईक इरादा ३(५), कट ६१, हुंडाबळी ८०, छळ ८५, सदोष मनुष्यवध १०० आणि खून १०१, संघटित गुन्हेगारी १११, बेकायदेशीर जमाव १८९-१९०, चोरी ३०३, फसवणूक ३१८, अब्रुनुकसानी ३५६. साक्ष्य अधिनियमात पोलिसांपुढचा कबुलीजबाब २३, मृत्युपूर्व जबाब २६, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र ६३.

जे नव्यानेच आलं आहे ते दोनदा वाचा, कारण प्रश्न काढायला ते सोपं असतं: शिक्षेचा प्रकार म्हणून समाजसेवा (कलम ४), हिसकावणी हा वेगळा गुन्हा (३०४), जमावाने केलेला खून (१०३ चं दुसरं उपकलम), सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट (नागरिक सुरक्षा संहिता १७६), पहिल्यांदाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश मुदतीनंतर जामीन (४७९).

८. जुने पेपर सोडवायचे तर त्यात आयपीसी आणि सीआरपीसीच आहे. ते टाकून द्यायचे का?

नाही. फौजदारी भाग सोडवताना दोन पायऱ्या करा. आधी उत्तर जुन्या कायद्यात द्या, मग लगेच नव्या बेअर अ‍ॅक्टमध्ये तेच कलम शोधून शेजारी लिहा. शोधण्याचा सरावही होतो आणि प्रश्न ७ मधला गोंधळही सुटतो. घटना, दिवाणी, करार, कौटुंबिक या भागांत जुने पेपर आहे तसे उपयोगी आहेत. मागच्या चार परीक्षा ५ फेब्रुवारी २०२३, १० डिसेंबर २०२३, २२ डिसेंबर २०२४ आणि ३० नोव्हेंबर २०२५ अशा झाल्या. त्यातल्या शेवटच्या दोन नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतरच्या आहेत, त्या शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

९. माझं एलएलबी मराठी माध्यमातून झालं. पेपर मराठीतून द्यावा की इंग्रजीतून?

भाषा फॉर्म भरतानाच निवडलेली असते, त्यामुळे आता बदलायचा विचार मनातून काढा आणि निवडलेल्या भाषेची तयारी करा.

मराठी निवडली असेल तर एक काळजी घ्या. आपण कोर्टात बोलतो ती मराठी आणि कायद्याच्या भाषांतरातली मराठी यांत अंतर आहे. आपण ‘रेस ज्युडिकाटा’ म्हणतो, पेपरात ‘प्राङ्‌न्याय’ असू शकतं. ‘कॉग्निझेबल’ ऐवजी ‘दखलपात्र’, ‘कल्पेबल होमिसाइड’ ऐवजी ‘सदोष मनुष्यवध’. यातले बरेच शब्द फिर्यादीत आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेगणिक नोंदींत) रोज दिसतात, ते डोळसपणे वाचा. शे-सव्वाशे शब्दांची दोन रकान्यांची यादी स्वतःच्या हाताने करा. आयती मिळाली तरी हाताने लिहा. बेअर अ‍ॅक्ट मात्र ज्या भाषेत तुमचा हात भराभर चालतो त्या भाषेतलं घ्या.

इंग्रजी निवडून आता भीती वाटत असेल तर एवढं सांगतो की प्रश्न लहान असतात आणि भाषा कलमाचीच असते. कलम इंग्रजीतून वाचलेलं असेल तर प्रश्न परका वाटत नाही.

१०. सीपीसी डोक्यातच बसत नाही. १५८ कलमं, ५१ ऑर्डर. यासाठी काही युक्ती?

ऑर्डर म्हणजे संहितेला जोडलेल्या नियमांचे गट. एक दावा डोळ्यांसमोर आणा. बांधाचाच घ्या, आपल्या तालुका कोर्टात तो रोज बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीवर, असतो.

शेजाऱ्याने बांध कोरला. दावा कुठल्या कोर्टात लावायचा? कलम १५ ते २०, आणि स्थावर मालमत्ता आहे म्हणून १६. दावा कोणाकोणाविरुद्ध? ऑर्डर १. अर्ज तयार केला, ऑर्डर ७. त्यात दाव्याला कारणच दिसत नसेल तर नियम ११ खाली तो फेटाळला जातो. समन्स निघालं, ऑर्डर ५. प्रतिवादीने कैफियत (लेखी उत्तर) द्यायची, ऑर्डर ८: ३० दिवस, वाढवून ९० पर्यंत. तो आलाच नाही तर एकतर्फी, ऑर्डर ९, आणि नंतर जागा होऊन एकतर्फी हुकूमनामा रद्द करा म्हणाला तर त्याच ऑर्डरचा नियम १३. दरम्यान त्याने नांगर घालू नये म्हणून तूर्तातूर्त मनाई, ऑर्डर ३९. मोजणीसाठी कोर्ट कमिशनर, ऑर्डर २६. अर्जात गट नंबर चुकला, दुरुस्ती, ऑर्डर ६ नियम १७. मुद्दे काढले, ऑर्डर १४. दावा चालू असताना म्हातारा वादी वारला, वारस लावायचे, ऑर्डर २२, मुदत ९० दिवस. दोघांची तडजोड झाली तर ऑर्डर २३. हुकूमनामा झाला, अंमलबजावणी ऑर्डर २१. हरलेला अपिलात गेला, कलम ९६ आणि ऑर्डर ४१. तिथेही हरला तर दुसरं अपील कलम १००, पण कायद्याचा भरीव प्रश्न असेल तरच.

ही गोष्ट सिनियरच्या ऑफिसातली एक संपलेली फाइल हातात घेऊन रोजनामा वाचत वाचत करा. कागद उलटताना प्रत्येक कागदाच्या डोक्यावर कुठली ऑर्डर लिहिली आहे ते बघा. दोन तासांत जे बसतं ते आठ दिवस पुस्तक घोकून बसत नाही. उरलेली सुटी कलमं म्हणजे ९, १०, ११, ८०, ८९, ११४, ११५, १४८-अ, १५१. कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज (१४८-अ), ९० दिवस टिकतं, एवढं त्यातलं पाठच करा.

फौजदारी प्रक्रियेलाही हीच रीत लावा: चोरीची फिर्याद १७३, अटक ३५, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे ५८, रिमांड १८७, त्याच कलमात साठ किंवा नव्वद दिवसांनी मिळणारा हक्काचा जामीन, दोषारोपपत्र १९३, मॅजिस्ट्रेटकडे जामीन ४८०, सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयात ४८३.

११. एथिक्सचे चारच गुण. त्यासाठी वेगळा वेळ द्यावा का?

एक संध्याकाळ द्या. तीन तासांत चार गुण देणारा दुसरा विषय अभ्यासक्रमात नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टमधून कलम ७, १६, २४, २९, ३०, ३५ ते ३८ आणि ४९. गैरवर्तनाची कारवाई ३५ खाली, राज्य कौन्सिलविरुद्ध अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ३७ खाली, तिथून सर्वोच्च न्यायालयात ३८ खाली, दोन्ही वेळा मुदत ६० दिवस. नियमांतून नियम ३६, म्हणजे जाहिरातबंदी, आणि खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवण्याची मनाई.

निकालांत महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोलकर नक्की करा. सत्तरच्या दशकातलं मुंबईतलं प्रकरण आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दाराशी उभं राहून येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः झडप घालायची, कागद ओढून घ्यायचे, फी पाडून काम मिळवायचं, असा काही वकिलांवरचा आरोप होता. हा व्यवसाय म्हणजे बाजार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठणकावून सांगितलं. मी हा निकाल परीक्षेसाठी वाचला होता, पण आजही ज्युनियरला पहिल्या दिवशी वाचायला देतो. वकिलांच्या संपाबद्दल हरीश उप्पल (२००३), फीसाठी पक्षकाराची फाइल अडवता येत नाही यासाठी आर. डी. सक्सेना (२०००). आणि ताजा म्हणजे ३० जुलै २०२४ चा गौरव कुमार निकाल: नोंदणी शुल्क कलम २४ मध्ये लिहिलं आहे तेवढंच, खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, त्याहून जास्त राज्य कौन्सिलने घ्यायचं नाही.

१२. न्यायालयांचे निकाल किती पाठ करायचे?

चाळीसच्या आसपास, आणि प्रत्येकाची एक ओळ: नाव, वर्ष, काय ठरलं. घटनेसाठी केशवानंद भारती (१९७३, तेरा न्यायमूर्ती, मूलभूत चौकट), मनेका गांधी (१९७८), शायरा बानो (२०१७) अशी सुरुवात करा. जनहित याचिकेसाठी हुसैनारा खातून (१९७९), विशाखा (१९९७), एम. सी. मेहता यांची प्रकरणं. आपल्याकडचे निकाल चटकन लक्षात राहतात कारण जागा माहीत असतात: मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस (१९८५), मुंबईतल्या कोठडीतल्या स्त्री कैद्यांचा शीला बारसे (१९८३), तीव्र आणि आकस्मिक प्रक्षोभासाठी नानावटी (१९६२). करारात अज्ञान (सज्ञान नसलेल्या) व्यक्तीचा करार मुळातच रद्द, त्यासाठी मोहरीबीबी (१९०३).

१३. टॅक्स, कंपनी, आयपी (बौद्धिक संपदा), सायबर, पर्यावरण सोडून दिलं तर चालेल?

प्रत्येकाला अर्धा दिवस द्या, त्याहून जास्त नको. व्याख्या, प्राधिकरणं आणि मुदती एवढंच बघा. भूसंपादनात २०१३ चा कायदा: खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती. ग्राहक आयोगांच्या मर्यादा: जिल्हा ५० लाखांपर्यंत, राज्य २ कोटींपर्यंत, त्यावर राष्ट्रीय.

दोन विषयांत कायदा नुकताच बदलला आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि १९६१ च्या जागी आलेला आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून आहे. तुमच्या परीक्षेच्या अधिसूचनेत अभ्यासक्रमाखाली कुठला कायदा लिहिला आहे ते स्वतः वाचा, क्लासच्या जुन्या नोट्सवर जाऊ नका.

१४. मी गोव्याची आहे. कौटुंबिक कायद्यात आमचा समान नागरी कायदा विचारतात का?

परीक्षा देशभर एकच आहे, त्यामुळे हिंदू विवाह, हिंदू वारसा, दत्तक आणि पोटगी, मुस्लिम वैयक्तिक कायदा, विशेष विवाह कायदा हेच वाचावं लागतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला तुमचा कायदा घटनेच्या अनुच्छेद ४४ च्या संदर्भात कामी येतो. २०१९ चा जोझे पावलो कुटिन्हो निकाल त्यासाठी वाचा. गोव्यातल्या मुलामुलींनी इथे जास्त वेळ धरावा, कारण हिंदू विवाह कायद्याची कलमं (५, ७, ९, ११, १२, १३, १३-ब) रोजच्या कामात त्यांच्या हाताखालून गेलेली नसतात.

१५. सकाळी दहा ते रात्री आठ ऑफिसात असतो. सिनियर सुट्टी देत नाहीत.

पंधरा दिवसांची सुट्टी मागू नका, रोजचे दोन तास मागा. ‘सर, परीक्षेपर्यंत संध्याकाळी सहाला निघतो’ असं स्पष्ट सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. सकाळचा दीड तास बेअर अ‍ॅक्ट, रात्रीचा दीड तास प्रश्न. कोर्टातला रिकामा वेळही मोठा असतो. बोर्डावर आपला नंबर येईपर्यंत बसलेले असता तेव्हा समोर जे चाललं आहे त्याचं कलम काढा. उलटतपासणीत वकील सूचक प्रश्न विचारतो आहे, कलम कुठलं? साक्ष्य अधिनियम १४६. हा अभ्यास थकवत नाही.

१६. ओएमआर भरताना काय चुकतं?

सेट कोड. पुस्तिकेवरचा कोड शीटवर भरला नाही किंवा दुसराच भरला, तर तुमची उत्तरं कुठल्या तालिकेशी ताडायची हेच कळत नाही, आणि केलेलं सगळं वाया जातं. पुस्तिका हातात आली की पहिलं काम ते. मग रोल नंबर, आकडा आणि गोल दोन्ही. निळं किंवा काळं बॉलपेन, दोन न्या. उत्तरं शेवटी एकदम भरू नका. दर दहा प्रश्नांनी भरा आणि प्रश्नाचा क्रमांक व शीटवरचा क्रमांक जुळतोय ना ते बघा. एक ओळ सरकली की खालचं सगळं सरकतं.

१७. उत्तर येत नसेल तर अंदाजाने लिहायचं का?

हो, एकही गोल रिकामा सोडू नका. पण क्रम पाळा. पहिल्या फेरीत पुस्तक न उघडता येतात ते सोडवा, साधारण सव्वा तास. दुसऱ्या फेरीत ज्यांचं कलम कुठल्या पुस्तकात आहे हे कळतं ते शोधा, आणि एकेका पुस्तकाचे प्रश्न एकत्र घ्या, म्हणजे पुस्तकं पुन्हा पुन्हा उचलावी लागत नाहीत. शेवटची पंधरा मिनिटं उरलेल्यांना.

१८. केंद्र पुण्यात आहे आणि मी दीडशे किलोमीटरवरून येणार. आदल्या दिवशी काय करावं?

आदल्या रात्री मुक्कामाला जा. अलीकडच्या परीक्षा दुपारी एकला सुरू झाल्या, म्हणून अनेक जण सकाळच्या एसटीवर भरवसा ठेवतात आणि घाटात अडकतात. हॉल तिकिटावरची आत जायची वेळ पेपरच्या वेळेच्या बरीच आधीची असते, ती बघा. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, पेनं, साधं घड्याळ, पाण्याची बाटली. पुस्तकं दप्तरात न भरता सुतळीने दोन गठ्ठ्यांत बांधा, फौजदारी एक आणि बाकी एक. बाकावर मांडायला सोपं जातं. त्या रात्री नवीन काही वाचू नका, प्रश्न ७ मधले दुहेरी आकडे तेवढे एकदा डोळ्यांखालून घाला.

१९. उत्तरतालिकेत चूक दिसली तर?

तात्पुरती तालिका आल्यावर हरकतीसाठी मुदत देतात. कलमाचा किंवा निकालाचा आधार देऊन हरकत घ्या. हरकतींनंतर काही परीक्षांत प्रश्न रद्द झाले आहेत आणि टक्केवारी उरलेल्या प्रश्नांवर काढली गेली आहे. एका-दोन गुणांनी अडलेल्यांचा निकाल तिथे फिरू शकतो, म्हणून पुस्तिका जपून ठेवा.

२०. मी शेवटच्या सेमिस्टरला आहे. मला बसता येतं का?

२०२३ च्या घटनापीठाने (प्रश्न १ पाहा) त्या दिशेने सूचना केली होती, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या परीक्षेला बसू द्यावं असा आदेश दिला. पास झालात तरी पदवी आणि सनद यांशिवाय सीओपी मिळत नाही. फॉर्ममधली अट त्या त्या अधिसूचनेत वाचूनच भरा.

२१. नापास झालो तर? आणि दोन वर्षं उलटून गेली असतील तर?

कितीही वेळा बसता येतं आणि वयाची अट नाही. सनद रद्द होत नाही, पण सनदेच्या तारखेपासून दोन वर्षं संपली आणि परीक्षा पास नसाल तर ती पास होईपर्यंत वकिली करता येत नाही, वकीलपत्रावर सही करता येत नाही. तेवढ्या काळात सिनियरच्या ऑफिसात संशोधनाचं, मसुद्यांचं काम चालू ठेवा.

मागच्या वेळी ज्यांचे तीन-चार गुणांनी राहिले त्यांनी प्रश्न ३ मधली योजना पहिल्यापासून करायची गरज नाही. जुनी पुस्तिका काढा, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: कलम माहीत नव्हतं, पुस्तकात सापडलं नाही, की वाचताना घाई झाली. ‘सापडलं नाही’ जास्त असतील तर प्रश्न ४ मधला चिठ्ठ्यांचा डबा आजच करा.